डिस्ने पार्कमधले बदल आणि आयगर-चेपेक यांची प्रतिमा: श्रेय-दोष ठरवायचा कसा?

नागपूरकर_व्याख्याता

नमस्कार. व्यवस्थापनाच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गासाठी एक केस लिहायला घेतली आहे. विषय आहे थीम पार्कमधले बदल आणि त्यांतून कंपनीच्या प्रमुखाची लोकांच्या मनात तयार होणारी प्रतिमा. उदाहरण डिस्नेचं घेतलंय, कारण एवढी तारीखवार माहिती दुसऱ्या कुठल्याच पार्कची मिळत नाही.

वाचलेल्या बहुतेक लेखांत एकच मांडणी दिसते. डिस्नेचे तेव्हाचे सीईओ बॉब चेपेक यांनी फुकटचा फास्टपास (लांब रांग टाळून राइडवर जायची सोय) बंद केला, रांग टाळायचे पैसे लावले, पाहुण्यांकडून मिळेल तिथून वसुली केली. मग नोव्हेंबर २०२२ मध्ये आधीचे सीईओ बॉब आयगर परत आले आणि त्यांनी गाडी रुळावर आणली. ही मांडणी तारखांवर टिकते का? कुठला बदल कोणाच्या खात्यात टाकायचा हे ठरवायची काही रीत आहे का? आणि विद्यार्थ्यांना आकडे द्यायचे तर कुठले द्यावेत?

आराखडा

ही मांडणी आहे तशी वर्गात नेलीत तर पहिला चौकस विद्यार्थीच ती मोडून काढेल. मुख्य अडचण अशी की चेपेक फेब्रुवारी २०२० मध्ये सीईओ झाले, पण पार्क विभाग त्यांच्याकडे फेब्रुवारी २०१५ पासून होता आणि त्या पाचही वर्षांत त्यांचे वरिष्ठ आयगरच होते. या काळातल्या कुठल्याही निर्णयावर दोघांपैकी एकाचंच नाव घालता येत नाही.

प्रत्येक बदलासाठी एक ओळ करा आणि तिच्यात पाच रकाने ठेवा: जाहीर कधी झाला, तेव्हा सीईओ कोण, तेव्हा पार्कप्रमुख कोण, सुरू कधी झाला, सुरू होताना सीईओ कोण. दुसरा आणि पाचवा रकाना जुळत नाही, तिथेच तुमची केस आहे.

डिस्नेच्या फ्लोरिडातल्या पार्कांमधली गार्डियन्सची राइड (एपकॉट) आणि ट्रॉनची राइड (मॅजिक किंगडम) या दोन्ही जुलै २०१७ मध्ये एकाच कार्यक्रमात जाहीर झाल्या. गार्डियन्स २७ मे २०२२ ला उघडली, म्हणजे चेपेक यांच्या काळात. ट्रॉन ४ एप्रिल २०२३ ला उघडली, म्हणजे आयगर परतल्यावर. दोन्ही जाहीर करताना सीईओ आयगर आणि पार्कप्रमुख चेपेक, फीत कापताना मात्र माणसं वेगळी. स्टार वॉर्सच्या दोन्ही नगऱ्या (एक कॅलिफोर्नियात, एक फ्लोरिडात) ऑगस्ट २०१५ मध्ये जाहीर झाल्या आणि २०१९ मध्ये उघडल्या. अवतार चित्रपटावरच्या पँडोरा नगरीला तर २०११ ते २०१७ अशी जवळपास सहा वर्षं लागली. मोठ्या बांधकामाला चार ते सहा वर्षं धरूनच चाला. कल्पना, मग आराखडे, बांधकाम, यंत्रं बसवणं आणि शेवटी रिकाम्या गाड्या फिरवून महिनोन्‌महिने चाचण्या, यांतला कुठलाच टप्पा नवा सीईओ आला म्हणून लवकर उरकत नाही.

उलट्या दिशेचं उदाहरणही घ्या. स्टार वॉर्सचं ते दोन रात्रींचं हॉटेल २०१७ मध्ये जाहीर झालं, १ मार्च २०२२ ला उघडलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झालं. दोघा प्रौढांच्या खोलीचा दर ४,८०० डॉलरच्या आसपास सुरू व्हायचा. अपयशाचं खापर बरेच जण चेपेक यांच्यावर फोडतात. पार्कप्रमुख म्हणून त्यांचा वाटा होताच, पण ते जाहीर झालं तेव्हा कंपनीचे प्रमुख आयगर होते हेही लिहायला हवं.

तिकीटखिडकी

आराखडा यांनी बांधकामाचं सांगितलं ते बरोबर आहे. पण प्रतिमा बांधकामावर कमीच घडते. ती घडते दर, रांग, पार्किंग आणि आरक्षण यांच्या नियमांवर. हे नियम आठवड्याभरात बदलता येतात आणि पाहुण्याला फाटकापाशीच जाणवतात. म्हणून तक्त्यात सहावा रकाना घाला: बदल बांधकामाचा की नियमाचा. या दोहोंची गल्लत झाली की सगळा हिशेब चुकतो.

आता रांगेचं. फास्टपास १९९९ पासून फुकट होता. त्यासाठी पैसे घ्यायची सुरुवात जिनी प्लस या विकतच्या पासपासून झाली असं सर्रास लिहिलं जातं, ते चूक आहे. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये जुलै २०१७ मध्येच १० डॉलरचा मॅक्सपास आला होता. मोबाइलवरून फास्टपास घ्यायची सोय आणि फोटो असं ते पॅकेज होतं. तिथे कागदी फास्टपास मात्र फुकट राहिला. १९ ऑक्टोबर २०२१ ला फ्लोरिडात १५ डॉलरचा जिनी प्लस आला तेव्हा फुकटचा पर्याय पूर्ण संपला. चिडण्याचं खरं कारण इथे आहे.

लोक चिडले ते फक्त पैशांमुळे नाही, हे विद्यार्थ्यांना गणित मांडून दाखवा. समजा एका राइडची क्षमता तासाला १,६०० माणसं आहे. दोन रांगा जिथे एकत्र येतात तिथला कर्मचारी पासवाल्यांना ७५ टक्के जागा देतो. मग साध्या रांगेसाठी तासाला ४०० जागा उरल्या. त्या रांगेत ६०० माणसं असतील तर शेवटच्याला दीड तास. पास नसता, तर तेवढीच ६०० माणसं साडेबावीस मिनिटांत आत गेली असती. अर्थात पास नसता तर पासवालेही याच रांगेत उभे राहिले असते, म्हणून खरा फरक एवढा मोठा नसतो. पण साध्या रांगेतल्या माणसाला शेजारून पुढे जाणारे लोक डोळ्यांसमोर दिसत असतात. फुकटच्या काळातही ते दिसायचे, फक्त तेव्हा उद्या आपलाही नंबर लागेल असं वाटायचं. (वरचे आकडे समजावण्यापुरते धरले आहेत, कुठल्या विशिष्ट राइडचे नाहीत.)

पार्किंगचं उदाहरण तर तुमच्या केसचा कणाच होऊ शकेल. डिस्नेच्या फ्लोरिडातल्या हॉटेलांत मुक्कामी पाहुण्यांना गाडी लावायचे पैसे मार्च २०१८ मध्ये लागले. तेव्हा सीईओ आयगर. ते रद्द झाले १० जानेवारी २०२३ ला, तेव्हाही सीईओ आयगर. लोकांच्या लक्षात दुसरी तारीख राहिली. त्याच दिवशी जिनी प्लसबरोबर राइडवरचे फोटो फुकट झाले आणि कॅलिफोर्नियात १०४ डॉलरच्या सर्वांत स्वस्त तिकिटाचे दिवस वाढवले. दुसऱ्याच दिवशी, ११ जानेवारीला, गुंतवणूकदार नेल्सन पेल्ट्झ यांना संचालक मंडळात घेण्यास कंपनीचा विरोध जाहीर झाला. कार्यकारणभाव सिद्ध झालाय असं लिहू नका, पण या दोन तारखा शेजारी-शेजारी ठेवा.

आणि दर थांबले का? डिस्नेलँडच्या सर्वांत महागड्या दिवसाचं एका पार्कचं तिकीट ऑक्टोबर २०२२ मध्ये, चेपेक असताना, १७९ डॉलर झालं. पुढे आयगर यांच्या काळात ऑक्टोबर २०२३ ला १९४, २०२४ ला २०६, २०२५ ला २२४. सर्वांत स्वस्त तिकीट २०१९ पासून १०४ वरच आहे, आणि कंपनी तोच आकडा पुढे करते. जिनी प्लसही गेला नाही. जुलै २०२४ मध्ये त्याचं नाव बदललं, आधीच राइड निवडायची सोय जोडली, आणि त्याच शरद ऋतूत त्याच्या जोडीला आणखी महागडा प्रीमियर पास आला. फ्लोरिडात प्रीमियर पासचा दर सुरुवातीला पार्क आणि दिवसानुसार १२९ ते ४४९ डॉलर होता. माझ्या मते हा २०२१ पेक्षा मोठा बदल आहे, आणि आयगर यांच्या प्रतिमेला त्याचा ओरखडाही गेला नाही.

नागपूरकर_व्याख्याता

दोघांचेही आभार, तक्ता आजच करतो. एक शंका आहे. काही बदल पैशांचे नसून भावनेचे असतात. स्प्लॅश माउंटन ही पाण्यातली जुनी राइड बदलली, मॅजिक किंगडममधली नदी बुजवली. असे बदल याच तक्त्यात बसतात का?

आराखडा

तारखा बसतात, कारणांसाठी वेगळा परिच्छेद लागेल. स्प्लॅश माउंटनचा बदल २५ जून २०२० ला जाहीर झाला. पार्क कोविडमुळे बंद होते, अमेरिकेत वंशभेदाविरुद्ध आंदोलन पेटलं होतं (मूळ राइड वंशभेदी ठरवल्या गेलेल्या एका जुन्या चित्रपटावर होती), चेपेक यांना सीईओ होऊन चार महिने झाले होते आणि आयगर कार्यकारी अध्यक्ष होते. काम वर्षभर आधीच सुरू झालं होतं असं कंपनीने तेव्हाच सांगितलं. टियाना या डिस्नेच्या राजकुमारीवरची नवी राइड फ्लोरिडात २८ जून २०२४ ला, कॅलिफोर्नियात १५ नोव्हेंबर २०२४ ला उघडली. पाण्याचा मार्ग आणि शेवटची उडी तीच ठेवून देखावे, बाहुल्या आणि संगीत बदललं. टोकियोतली स्प्लॅश माउंटन मात्र तशीच चालू राहिली, कारण तिथलं पार्क ओरिएंटल लँड कंपनीचं आहे आणि डिस्ने तिथे परवाना देणारी आहे. हा मुद्दा वर्गात जरूर घ्या: ‘डिस्नेने केलं’ म्हणताना कुठल्या पार्कची मालकी कोणाकडे, हे आधी पाहावं लागतं.

गंमत म्हणजे मूळ राइडचीही कल्पना एकाच्या काळातली आणि उद्घाटन दुसऱ्याच्या. कल्पना १९८३ ची, मायकेल आइस्नर कंपनीचे प्रमुख म्हणून आले १९८४ मध्ये, राइड उघडली १९८९ मध्ये.

नदीचं प्रकरण वेगळं आहे. मॅजिक किंगडममधली रिव्हर्स ऑफ अमेरिका, टॉम सॉयर बेट आणि वाफेची बोट यांचा शेवटचा दिवस ६ जुलै २०२५. निर्णय ऑगस्ट २०२४ च्या जाहीर कार्यक्रमातला आहे. सीईओ आयगर, आणि मे २०२० मध्ये पार्क विभागाची सूत्रं घेतलेले जॉश डी’अमारो मंचावर. जागा कार्स चित्रपटांवरच्या दोन राइड्सना दिली आहे. इथे ‘आधीच्याचं ओझं’ हे कारण चालत नाही. हा निर्णय पूर्णपणे या जोडीचा आहे आणि केसमध्ये तसाच लिहायला हवा. १९७३ पासून असलेला टॉम सॉयर बेटाचा सावलीचा, निवांत कोपरा त्यामुळे गेला. पार्कच्या रचनेची काळजी असणाऱ्यांचा राग मला रास्त वाटतो. दिवसभर उन्हात फिरणाऱ्या कुटुंबाला असे कोपरे लागतातच, राइड्सच्या यादीत ते मोजले जात नाहीत एवढंच.

ताळेबंद

आकड्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

कंपनीचं आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरच्या सर्वांत जवळच्या शनिवारी संपतं. म्हणून ऑक्टोबरमधली दरवाढ पुढच्या आर्थिक वर्षात मोजली जाते. हे विसरलात तर एका माणसाचं उत्पन्न दुसऱ्याच्या खात्यात जाईल. २०२२ चं आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला संपलं, म्हणजे ते पूर्ण चेपेक यांचं.

त्या वर्षी पार्क आणि उत्पादनं विभागाचा परिचालन नफा ७.९ अब्ज डॉलर होता, तोवरचा उच्चांक. हा आकडा केसमध्ये असलाच पाहिजे. पाहुण्यांत चेपेक यांची प्रतिमा सर्वांत खाली होती तेव्हाच त्यांचं पार्क सर्वाधिक कमावत होतं. त्यांना काढलं २० नोव्हेंबर २०२२ ला, त्याआधी बाराच दिवस आलेल्या तिमाही निकालात स्ट्रीमिंगचा तोटा सुमारे दीड अब्ज डॉलर होता. जून २०२२ मध्ये त्यांचा करार तीन वर्षांनी वाढवलाही होता. पार्कमधल्या नाराजीमुळे ते गेले असं लिहिणं म्हणूनच धोक्याचं आहे. नाराजीमुळे अडचणीच्या वेळी त्यांच्या बाजूने बोलणारं फारसं कोणी उरलं नाही, एवढं म्हणता येईल.

दुसरी खबरदारी. या विभागात खेळणी, कपडे यांच्या परवान्यांचं उत्पन्न आणि क्रूझही येतात. फक्त पार्कचं पाहायचं तर वार्षिक अहवालातला पार्क आणि हॉटेलांचा छोटा तक्ता उघडा. तिथे उपस्थिती, दरडोई खर्च आणि खोल्यांची भरती मिळते, देशांतर्गत आणि परदेशी वेगवेगळी. उपस्थितीचे आकडे फक्त टक्क्यांतल्या वाढीचे असतात, माणसं किती ते कंपनी सांगत नाही. विद्यार्थी इतर ठिकाणचे अंदाज कंपनीचे आकडे म्हणून देतात, ते आधीच थांबवा. २०२२ ची वाढ तर कोविडच्या बंदीने घसरलेल्या आकड्यांच्या तुलनेत आहे, म्हणून आधार वर्ष २०१९ घ्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेली दहा वर्षांतली ६० अब्ज डॉलरची गुंतवणूक शेवटच्या पानावर ठेवा. तिच्यातल्या राइड्स उघडतील तेव्हा आराखडा यांचा पाचवा रकाना कोणाच्या नावाने भरेल, हाच प्रश्न परीक्षेत विचारता येईल.