‘भाषण शिकवा, बाकी आम्ही बघू’: या ‘बाकी’त काय काय येतं, भाऊ?

पांझराकाठची (धुळे)
सरपंचपदाच्या आरक्षण सोडतीवर काल ‘गिरणा_३२’ भाऊंनी लिहिलं की, “महिला राखीव निघालं तर बाईला आठ दिवस भाषण शिकवा, फॉर्म-बिर्म बाकी घरचे बघतात.” खाली टाळ्याही पडल्या. म्हणून लांब लिहितेय.

सरपंचपद भाषणावर जात नाही, छाननीच्या टेबलावर जातं. ओबीसी महिलेची जागा घ्या. जातीचा दाखला माहेरच्या नावाने, मतदार यादीत सासरचं नाव, आधारवर तिसरंच. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्र नसेल तर हरकत घेणाऱ्याला आयताच मुद्दा. जातवैधतेचे पुरावे वडिलांकडचे लागतात: ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे. आजोबा शाळेतच गेले नसतील तर माहेरच्या तहसीलमधून गाव नमुना १४ ची (जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची) नक्कल काढा. हे फॉर्मच्या आठवड्यात होत नसतं. पडताळणी समितीकडच्या अर्जाची पोच आणि हमीपत्र जोडून फॉर्म बसतो, पण निवडून आल्यावर ठरलेल्या मुदतीत वैधता नाही दिली तर पद गेलं. माहेर बऱ्हाणपूर-सेंधव्याचं आणि वडिलांचा मूळ पुरावाही तिकडचाच असेल, तर इथल्या राखीव प्रवर्गाचा विषयच संपला. सर्वसाधारण महिला निघते का ते बघत बसा.

शिवाय १ जानेवारी १९९५ ला किंवा नंतर जन्म असेल तर सातवी पास. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नको. शौचालय आहे आणि वापरात आहे याचा दाखला. निवडणूक खर्चासाठी वेगळं बँक खातं. यातलं काय काय तुम्ही ‘बघितलं’ होतं?

गिरणा_३२ (चाळीसगाव)
ताई, यादी चांगली आहे. पण मूळ मुद्दा तुम्ही टाळला. पाच वर्षांनी आरक्षण फिरतं. आज सर्वसाधारण महिला, पुढच्या वेळी दुसराच प्रवर्ग. ज्या बाईला दुसरी संधीच नाही तिच्यावर कोणतं पॅनल मेहनत घेईल? पॅनलप्रमुख हिशोब करतो: कोणाच्या घरात मतं किती, कोणाचा खर्च कोण उचलणार. त्यात नवराच पुढे येतो. हे मी ठरवलेलं नाही, पद्धतच तशी आहे.

केळीचा_घड (रावेर)
पद्धत पद्धत काय करता? २०२४ ला खान्देशातल्या चार लोकसभा जागांपैकी तीन बायकांनी घेतल्या. जळगाव स्मिता वाघ, रावेर रक्षा खडसे, धुळे शोभा बच्छाव. रक्षाताईंची सुरुवात कोथळीच्या सरपंचपदापासून. स्मिताताई आधी जिल्हा परिषद अध्यक्ष. पायरी पायरीनेच गेल्या ना?

गिरणा_३२
कोथळीला आडनावही सांगा की भाऊ, एकनाथ खडसेंच्या सूनबाई त्या. आणि धुळ्याच्या बाई नाशिकच्या माजी महापौर. ज्या बाईच्या घरात कोणीच राजकारणात नाही तिचं उदाहरण द्या, मग बोलू.

अंजनीचा_पूर (एरंडोल)
घ्या उदाहरण, शेजारच्या पारोळ्यातलंच. विचखेड्याच्या महिला सरपंच. तक्रार अशी, की त्या सासूसोबत सरकारी जागेवरच्या घरात राहतात. त्यांचं म्हणणं, आम्ही वेगळे भाड्याने राहतो. जिल्हाधिकाऱ्यांनी अपात्र केलं, विभागीय आयुक्तांनी तेच कायम ठेवलं, हायकोर्टाच्या खंडपीठात तांत्रिक मुद्द्यावर याचिका फेटाळली गेली. २०२४ ला सुप्रीम कोर्टाने पद परत दिलं आणि बाई निवडून आलेली गावाला पचत नाही या अर्थाचं स्पष्ट लिहिलं. पण सुप्रीम कोर्टापर्यंत किती जणी जातील? त्याच कोर्टाने २०१८ मध्ये कुटुंबातल्या माणसाचं अतिक्रमणही धरलं जातं असं सांगितलंय. म्हणून फॉर्मच्या आधी सासऱ्याच्या घराचा नमुना ८ चा (घरपट्टी आकारणीचा) उतारा काढा. भोगवटादार कोण, जागा गावठाणातली की गायरानातली ते बघा. वेगळं राहत असाल तर भाडेकरार आणि वीजबिल आतापासून जमवा. तक्रार निकालानंतर येते, तेव्हा कागद जन्माला घालता येत नाहीत.

पांझराकाठची
बरोबर. आणि घरपट्टी-पाणीपट्टीची नमुना १० ची पावती स्वतःच्या फाइलमध्ये ठेवा. थकबाकी नसल्याच्या दाखल्याला त्याच आठवड्यात साहेबांचा फोन बंद लागतो, हा योगायोग गावोगाव घडतो.

केळीचा_घड
हे सगळं निवडून येईपर्यंत. नंतर डोंगल, म्हणजे डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी काडी, कोणाकडे राहते ते विचारा! सरपंचबाईच्या नावाची डिजिटल सही नवऱ्याच्या खिशात, नाहीतर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये. पासवर्ड चिठ्ठीवर लिहून डोंगललाच चिकटवलेला. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे गेले कुठे ते बाईला ऑडिटला कळतं.

केंद्रचालक_यावल
ओ घड भाऊ, ड्रॉवरचं बोलायचं तर आधी आमच्या मानधनाचं बोला. महिनोन्‌महिने थकतं, नेट आमच्या मोबाईलचं, आणि चोर आम्हीच. डोंगल आम्ही मागत नाही, घरचेच आणून टाकतात. “वहिनींना वेळ नाही, तूच मारून दे.” नाही म्हटलं तर उद्यापासून केंद्रात दुसरा पोरगा.

केळीचा_घड
मागत नाही, पण परतही करत नाही.

केंद्रचालक_यावल
तुम्ही कधी एक तरी पेमेंट बसवलंय का? ई-ग्रामस्वराज या पेमेंटच्या पोर्टलवर मेकर, म्हणजे पेमेंट बसवणारा, ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं) आणि चेकर, म्हणजे मंजूर करणारा, सरपंच. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक रुपया हलत नाही. म्हणजे बाईने डोंगल पर्समध्ये ठेवलं तर अख्खं गाव तिच्या दारात येतं. कायद्यात जेवढी ताकद नाही तेवढी त्या काडीत आहे. ती ताकद घरचे काढून घेतात आणि शिव्या आम्हाला.

पांझराकाठची
यावलचे भाऊ चिडून का होईना, कामाचं बोलले. बायकांसाठी शिबिर घेतलं तर हेच शिकवायला हवं. चेकरची सही मारण्याआधी चार गोष्टी समोर मागायच्या: मासिक सभेचा ठराव क्रमांक, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, पुरवठादाराचं बिल. अंदाजपत्रकात गटार ६० मीटर, मोजमापात ६० मीटर आणि गल्लीच ४० मीटरची, असं असेल तर टेप घेऊन जायचं. काम आराखड्यात आहे का तेही बघायचं. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला (२०२१-२६) ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला होता, ४० टक्के मोकळा. बांधलेल्यातून पेव्हर ब्लॉक बसवले की वसुली सही करणारीच्या नावाने निघते, नवऱ्याच्या नाही.

गिरणा_३२
म्हणजे आता बाईने टेप घेऊन गटार मोजायचं? ग्रामसेवक आणि इंजिनिअर कशाला आहेत?

अंजनीचा_पूर
काय सांगी ऱ्हायना भो! पुरुष सरपंच ठेकेदाराच्या गाडीत बसून काम बघतो तेव्हा तुम्ही विचारलंत का, इंजिनिअर कशाला म्हणून?

सातपुड्याची (धडगाव)
तुमचं सगळं केळी-कापसाच्या पट्ट्यातलं चाललंय. आमच्याकडे पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांचा कायदा) आहे, सरपंचपद आदिवासींनाच. गाव म्हणजे डोंगरावर विखुरलेले पाडे. पेसात पाड्याला स्वतःची ग्रामसभा जाहीर करून घेता येते, आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधीही गावपातळीवर येतो, पण बैठक शाळेजवळच्या पाड्यात आणि बोलणं मराठीत. पावरी बोलणाऱ्या बाईने अंगठा कशावर दिला ते तिला कोण सांगणार? दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत. तयारी करायची तर पावसाळ्यातच, आणि पावरीत. ठराव लिहून झाल्यावर तो तिच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवा, मगच सही. आणि ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा कायद्यात आहे. ती कागदावर उरकतात. तिथेच बायकांचे विषय ठरावात घुसवायचे.

गिरणा_३२
ही वाचून दाखवण्याची गोष्ट पटली. आमच्याकडेही चालेल. पुरुष सरपंचांनाही वाचून दाखवा, त्यांनाही कळत नाही.

केळीचा_घड
सूर्य कुठून उगवला आज?

गिरणा_३२
उगाच खूश होऊ नका. आरक्षण फिरतं या मुद्द्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

पांझराकाठची
देते. जागा खुली झाली तरी बाईला उभं राहायला कोणी अडवलेलं नाही. आणि थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास येत नाही. नंतरही तीन चतुर्थांश सदस्य लागतात आणि वर ग्रामसभेचं गुप्त मतदान. पॅनलप्रमुख रुसला तरी तेवढ्यात तिला काम दाखवता येतं. फक्त खर्चाचा हिशोब निकालापासून तीस दिवसांत द्या. हरलेल्यांनीही, बिनविरोधांनीही. हा एक कागद राहिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्रता, आणि तुमची ती ‘दुसरी संधी’ तिथेच मेली.

गिरणा_३२
तीस दिवसांचं माहीत होतं. बिनविरोधांनाही लागतो हे आमच्या पॅनलमधल्या कोणालाच माहीत नव्हतं. घ्या, केलं मान्य. शिबिर घ्या, आमच्याकडचं सभागृह मिळवून देतो. पण नवऱ्यांनाही बसवा, नाहीतर घरी गेल्यावर सगळं पुसलं जाईल.

सातपुड्याची
बसवा, पण मागच्या रांगेत. आणि माईक देऊ नका.

केंद्रचालक_यावल
माईकचं तुमचं तुम्ही बघा. ताई, शिबिराच्या यादीत एवढं लिहा: डोंगल मिळाल्या दिवशी पासवर्ड स्वतः बदलायचा, ओटीपीचा मोबाईल नंबर स्वतःचाच द्यायचा, सहीची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर मांडून ठेवायचं. चुकीचा पासवर्ड परत परत टाकला की डोंगल लॉक होतं आणि नव्याने काढेपर्यंत पेमेंट बंद. मार्चएंडला हे झालं की सगळे माझ्याच दारात येतात.