काळ्या गायकाने काउबॉय हॅट घातली की गाणं कंट्री (अमेरिकेतलं ग्रामीण ढंगाचं संगीत) राहत नाही का?

गिरगावकर: काल भाचीने लोकलमध्ये लिल नास एक्स या काळ्या रॅपरच्या ओल्ड टाउन रोड गाण्याचा व्हिडिओ दाखवला, घोडा, हॅट, बूट सगळं आहे, मग २०१९ ला बिलबोर्डने (गाण्यांच्या लोकप्रियतेच्या याद्या काढणारं अमेरिकन मासिक) ते कंट्रीच्या यादीतून का काढलं? कोणी नीट सांगा ना

मुलुंडची ताई: म्हणे आजच्या कंट्रीचे पुरेसे घटक त्यात नाहीत. पण हिपहॉपचे बीट्स गोरे कंट्रीवाले पण वापरत होतेच की, त्यांना कोणी अडवलं नाही, मला तरी हा सरळ भेदभाव वाटतो. पुढे बिली रे सायरस या गोऱ्या कंट्री गायकासोबत रीमिक्स आलं आणि गाणं बिलबोर्डच्याच हॉट १०० या सगळ्या प्रकारच्या गाण्यांच्या यादीत १९ आठवडे एक नंबरला राहिलं!

परळकर: अहो मुळात काउबॉय म्हणजे गोराच हे सिनेमांनी आपल्या डोक्यात बसवलंय. टेक्सासात गुरं हाकणाऱ्यांत साधारण चारातला एक काळा होता असं इतिहासकार सांगतात, त्याच्याही आधी वाकेरो म्हणजे मेक्सिकन गुराखी होते, गुरं पकडायचा दोरीचा फास त्यांच्याकडूनच आला. आणि कंट्रीत वाजणाऱ्या बँजो या तारवाद्याचं मूळ तर आफ्रिकेत. आपल्याकडे नाही का, ढोलकी वाजवणारे कोण आणि नाव कोणाचं होतं

गिरगावकर: बँजोचं माहीतच नव्हतं, थँक्यू दादा. बियॉन्से या काळ्या गायिकेला २०२५ ला कंट्री अल्बमचं ग्रॅमी मिळालं ना, आज भाचीला तिचे व्हिडिओ दाखवतो