ओघळासारखे फोड, नागीण की आणखी काही?

ब-२०३ : नमस्कार. मुलीच्या उजव्या मनगटावर आज सकाळी पाण्याने भरलेले फोड दिसले. भाजल्याचे तिला आठवत नाही, ताप नाही, आणि खाजेपेक्षा आग अधिक आहे. ही नागीण असेल का?

अ-४०१ : ताई, नागीण बहुधा एका नसेच्या पट्ट्यात उठते आणि फोडांच्या आधी काही दिवस तिथे ठणकते. हे फोड रस ओघळल्यासारखे लांबट असतील, तर परवा तिने उन्हात लिंबे पिळली होती का किंवा अंजिराची फांदी छाटली होती का, ते विचारा.

ब-२०३ : परवा दुपारी अंगणात लिंबे पिळली होती. पण लिंबानेच व्हायचे असते, तर तेव्हाच झाले नसते का?

अ-४०१ : निदान चुकते ते याच उशिरामुळे. लिंबू, अंजीर, सेलरी, सताप यांच्या रसात सोरालेन वर्गातील द्रव्ये असतात. रस अंगावर असताना सूर्याचे अतिनील ‘ए’ किरण पडले, की ती पेशींतील डीएनएला जखडतात आणि पेशी मरू लागतात. लाली साधारण २४ तासांनी उमटते आणि ४८ ते ७२ तासांत सर्वांत तीव्र होते.

क-१०२ : म्हणजे ॲलर्जीच ना? मी इतकी वर्षे लिंबे पिळतो, मला काही झाले नाही.

अ-४०१ : नाही काका. ॲलर्जीसाठी शरीराची त्या पदार्थाशी आधी ओळख व्हावी लागते आणि तिच्यात खाज प्रमुख असते. हे मात्र रस आणि ऊन दोन्ही पुरेसे मिळाले, तर पहिल्याच वेळी कोणालाही होऊ शकते. आपण सावलीत पिळून हात धुवत असाल, इतकेच.

ब-२०३ : फोड फोडून मलम लावू का?

अ-४०१ : फोडू नका. थंड पाण्याची पट्टी ठेवा, हात झाकूनच बाहेर पाठवा. स्टेरॉइडचे मलम द्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. नंतर काळसर डाग काही आठवडे, कधी कित्येक महिने राहतात.

ब-२०३ : आता लक्षात आले, धाकट्याच्या उघड्या पाठीवरही चार बोटांसारखे लाल पट्टे आहेत. मुलीने लिंबे पिळलेल्या हातांनीच त्याला उचलला होता.

अ-४०१ : मग दोघांनाही आजच दाखवा आणि लिंबाचे व उन्हाचे आधी सांगा, असे पट्टे मारल्याचे वळ समजले गेल्याची उदाहरणे आहेत.