नारोशंकराची घंटा वसईला परत? का म्हणून?

गंगाघाटकर: काल एकाने इथे लिहिलं की नारोशंकराची घंटा म्हणजे लूट, वसईच्या चर्चची आहे, परत द्या. वाचून डोकंच फिरलं. 1534 पासून पोर्तुगीज वसईत ठाण मांडून, देवळं पाडलेली, आणि 1739 ला चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला तेव्हा हजारो माणसं पडली हो तटाखाली. त्या विजयाची ही खूण. 1747 ला पेशव्यांचे सरदार नारोशंकरांनी इथे नाशिकला गोदावरीकाठी रामेश्वराचं देऊळ बांधलं, तिथे ती टांगली. आमच्याकडे पूर मोजायचा तर नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती, नाहीतर ही घंटा. वडील म्हणायचे घंटेला पाणी लागलं की आवरा सगळं. नाशिकचीच आहे ती.

माहेर_वसई: दादा, मी वसईतल्या पापडीची, लग्न होऊन पंचवटीत आले त्याला 22 वर्षं झाली. लहानपणी किल्ल्यात सेंट जोसेफच्या मनोऱ्यावर चढायचो, गोल अंधारा जिना, भिंतीला हात लावत जायचं, आणि वर घंटा नाहीच. इथे आल्यावर सासूबाईंनी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर नेलं, म्हणाल्या ही तुमच्या वसईची. रडूच आलं मला. लूट नाही म्हणता, मग काय म्हणायचं?

जुनं_नाशिक: युद्धात जिंकलेली वस्तू ताई. अशी घंटा भीमाशंकरला आहे, मेणवलीला आहे, सगळ्याच उतरवणार का? आणि पोर्तुगीजांना किल्ल्यातून सन्मानाने जाऊ दिलं, हे कोणी लिहीत नाही.

सिडकोवाला: घंटेचं सोडा, गोदावरीतल्या रामकुंडाच्या आसपासची जुनी कुंडं सिंहस्थ कुंभमेळ्याच्या नावाखाली काँक्रीटखाली गेली त्याचं काय? आजोबा त्यातल्या जिवंत झऱ्यांचं पाणी प्यायचे. 2016 ला तर टँकरने पाणी सोडावं लागलं तिथे!

जुनं_नाशिक: काँक्रीट नसतं तर लाखो भाविक चिखलात उभे राहिले असते, पर्वणीला कधी गर्दी आवरायला उभे राहिलात का?

सिडकोवाला: राहिलोय, दोन सिंहस्थ, स्वयंसेवक म्हणून. फरशी घाटाला घाला ना, नदीच्या तळाला कशाला? झरे बुजवले की नदी मरते, एवढं साधं आहे.

गंगाघाटकर: तळाचं काँक्रीट फोडायला पाहिजे हे मलाही पटतं, पण धागा घंटेचा आहे!

माहेर_वसई: तेच म्हणतेय मी. वसई म्हणजे नुसती पोर्तुगीजांची नव्हे. तुमच्या पांडवलेणीत नहपान राजाचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात शूर्पारकात म्हणजे आमच्या शेजारच्या सोपाऱ्यात धर्मशाळा बांधल्याचं कोरलंय, आणि इथल्या गोवर्धनात पण. सोपारा बंदर आणि नाशिकचं नातं तेव्हापासूनचं. घंटा उतरवा असं मी म्हणतच नाही. पण पर्यटक येतात, फोटो काढतात, कुठून आली विचारलं की कोणी धड सांगत नाही. ठळक अक्षरात लिहा ना तिथे, वसईच्या चर्चची म्हणून.

गंगाघाटकर: लिहा. पण पहिली ओळ चिमाजीअप्पांची.

माहेर_वसई: चालेल. दुसरी वसईची, आणि चर्च हा शब्द गाळायचा नाही.

गंगाघाटकर: बरं, नाही गाळणार.