एचआयव्ही आहे, विसरायला होतंय, मग जीन टेस्ट करायची का?

रानवारा: मामा 2008 पासून एआरटीवर (एचआयव्हीच्या गोळ्या) आहेत, व्हायरल लोड इतका कमी की मशीनला सापडत नाही, पण वर्षभरात गॅस चालू ठेवणं, तोच प्रश्न परत परत विचारणं असं सुरू झालंय आणि मामेभाऊ एपीओई जीनच्या (अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेला जीन) टेस्टच्या मागे लागलाय. माझं मत, अजिबात करू नये.

लिंबूटिंबू: का नको? त्या जीनच्या ई4 प्रकाराची एक कॉपी असली तरी अल्झायमरचा धोका तिपटीच्या आसपास जातो, दोन असतील तर आठ-बारा पट. आधी कळलं तर बँकेची, घराची कागदपत्रं तरी वेळेत उरकतील.

रानवारा: अहो ते आकडे बहुतेक गोऱ्या, एचआयव्ही नसलेल्या लोकांवरून काढलेत. एचआयव्हीवाल्यांत ई4 चे निकाल एकमेकांशी जुळतच नाहीत, अमेरिकेतल्या चार्टर अभ्यासात तर ई4 असो वा नसो, मेंदूच्या तक्रारीत फरक दिसला नाही. उपचाराआधी सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) किती खाली गेला होता ते जास्त बोलतं, आणि मामांचं निदानच उशिरा झालंय.

लिंबूटिंबू: जुळत नाहीत म्हणजे धोका नाही असं होत नाही हो. मामा आता साठीला आले, एचआयव्ही घेऊन म्हातारी होणारी ही पहिलीच पिढी, त्यांच्यावरचा अभ्यास कुठून येणार?

गुळपोळी: सगळे माणसाच्याच जीनवर भांडताय. आपल्याकडचा व्हायरस बहुतेक सी सबटाइपचा, त्याच्या टॅट प्रोटीनमध्ये 31 व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाच्या ऐवजी सेरीन असतं, म्हणून तो मेंदूला कमी त्रास देतो असा एक तर्क आहे. (कमी म्हणजे शून्य नव्हे, उगाच खूश होऊ नका.)

खवचट काकू: आधी बी12, थायरॉइड, व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट), साखर बघा की! शिवाय झोप आणि डिप्रेशन. पूर्वी एफाव्हिरेंझ हे एचआयव्हीचं औषध चालू होतं का तेही एआरटी सेंटरला विचारा, त्याने डोकं जड व्हायचं, भलती स्वप्नं पडायची. यातलं बरंच काही बरं करता येतं, ई4 बदलता येत नाही. आणि मामेभावाला सांगा, मामांच्या दोन्ही कॉप्या ई4 निघाल्या तर त्याच्याकडे एक आहेच. त्याला ते कळायला हवंय का? आणि मामांना विचारलं का कोणी??

रानवारा: काकू, बी12 उद्याच करतो. मामांना नाही विचारलं. सॅम्पल न्यायला माणूस मंगळवारी येतोय, भावाने पैसेपण भरून टाकलेत.