चेहऱ्यावरचं कोड: लाइट आणि मलमांचे अनुभव

डाव्या पापणीवर आणि ओठाच्या कोपऱ्यात कोड आहे. डॉक्टरांनी नॅरोबँड यूव्हीबी लाइट (अतिनील किरणांचा शेक) आणि टॅक्रोलिमस हे बिनस्टेरॉइडचं मलम सांगितलंय. ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी लिहा. पथ्यं आणि लेप नकोत, ते नातेवाईक सांगतातच.

---

माझं कपाळ आणि गाल. ३११ नॅनोमीटरचा लाइट, आठवड्यातून तीनदा. पहिली सिटिंग मोजून काही सेकंदांची. एवढ्यासाठी अर्धी रजा टाकली? असं झालं. मग वेळ हळूहळू वाढवत नेतात. दुसऱ्या दिवशी डाग फिकट गुलाबी दिसला तर ठीक. लाल होऊन चुरचुरत राहिला तर पुढच्या सिटिंगआधी सांगायचंच. सुरुवातीला आजूबाजूची कातडी रापते आणि डाग उलट जास्त उठून दिसतो. तेव्हा मी सोडणारच होतो.

अडीच महिन्यांनी दाढी करताना डागाच्या आत तपकिरी टिपके दिसले. मळ समजून घासले, गेले नाहीत. नीट पाहिलं तर प्रत्येक टिपक्याच्या मधोमध एक केस! रंगाच्या पेशी केसाच्या मुळाशी टिकून असतात, तिथूनच रंग वर येतो. टिपके एकमेकांना भिडायला आणखी पाच महिने गेले.

---

टॅक्रोलिमस पहिले आठ-दहा दिवस चांगलंच झोंबतं. चेहरा धुऊन लगेच लावलं तर विचारूच नका. मी कातडी पूर्ण कोरडी होऊ द्यायचे. सिटिंगच्या आधी लावायचं नाही, थर किरण अडवतो.

---

माझी चूक सांगतो. जुन्या चिठ्ठीवरचं स्टेरॉइड मलम कुणाला न विचारता वर्षभर चोळलं. डाग थोडा भरला, पण गालावर लाल शिरा आणि पुरळ आलं. डॉक्टरांनी आधी झाडलं, मग टॅक्रोलिमसवर आणलं. त्यानं कातडी पातळ होत नाही. पापणीला स्टेरॉइड तर मनानं अजिबात लावू नका, डोळ्यातला दाब वाढू शकतो.

---

भुवईजवळचं भरलं, ओठ आहे तसाच. ओठावर केसच नाहीत, रंग येणार कुठून? डागातले केस पांढरे झाले असतील तरी तेच रडगाणं. आता डाग वर्षभर वाढला नाही तर त्वचारोपणाचं बघू म्हणालेत.

---

रुक्सोलिटिनिब क्रीमबद्दल कुणी लिहिलं नाही. १.५ टक्क्यांचं, अमेरिकेत २०२२ मध्ये १२ वर्षांवरच्यांसाठी मंजूर झालं. भाचीला चेहऱ्यावर गुण आला, पण सहा महिने नेमानं लावल्यावर. हाताची बोटं मात्र जैसे थे.

---

सगळ्यांचे आभार. पापणीचं काय? लाइटला गॉगल घालतात ना?

---

माझी पापणीच होती. गॉगल काढून डोळे घट्ट मिटून बसवायचे, पण ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. एरवी गॉगल हवाच. आणि आजच फोटो काढून ठेवा, दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात. आरशाला रोज विचारलं तर तो रोज नाहीच म्हणतो.

---

काढला, खिडकीपाशी. पहिली सिटिंग सोमवारी.