रूल फाईव्ह: चाळीसात दोनच जागा उरल्या, इनफिल्डर पाच हाय, कोणाले वाचवू?

वऱ्हाडी_शॉर्टस्टॉप:
राम राम मंडळी. आमच्या बीपीएडच्या बॅचचं एक ऑनलाइन बेसबॉल मॅनेजर लीग हाय. बारा जण आहो, कोणी शिक्षक झालं, कोणी शेती करते, एक जण अजून भरतीच्या तयारीत हाय, पण लीग काही मोडलं नाई. खेळाडू गेमनंच बनवलेले, खरे नाई, पण नियम सगळे अमेरिकेतल्या मेजर लीगचेच लावले हाय, चाळीस जणांचा रोस्टर (टीमची यादी), ऑप्शन (पोराले खाली मायनर लीगमधी पाठवायची मुभा), वेव्हर (सोडलेला खेळाडू आधी बाकी टीमायपुढं ठेवणं), आणि डिसेंबरात रूल फाईव्ह ड्राफ्ट. ज्यायले माहीत नाई त्यायच्यासाठी सांगतो, मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या टीमायच्या हाताखालच्या लीगमधी, ठरलेली वर्षं काढलेला पोरगा तुम्ही चाळीसात घेतला नाई तर दुसरी टीम त्याले उचलून नेऊ शकते. नोव्हेंबरात यादी द्यावी लागते. आमच्या गेममधी आता २०२५ चा नोव्हेंबर सुरू हाय आणि माझ्यापाशी दोनच जागा हाय.

पोरं अशी हाय (मायनरच्या पायऱ्या खालून वर: हाय-ए, मग डबल-ए, मग ट्रिपल-ए). पहिला डोमिनिकनवाला शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर), जानेवारी २०२१ मधी सतराव्या वर्षी सही केली होती, आता हाय-ए मधी हाय, ग्लोव्ह (फिल्डिंग) एक नंबर, पळते जबरदस्त, पण बॅटिंग सरासरी .२३० च्या वर जात नाई. दुसरा थर्ड बेसवाला, हायस्कूलमधून २०२१ च्या ड्राफ्टमधी घेतलेला, डबल-ए मधी २४ होमरन मारले पण दहापैकी तीनदा स्ट्राईकआऊट, आणि थ्रो कुठंही जाते. तिसरा सेकंड बेसवाला, कॉलेज, २०२२ चा, ट्रिपल-ए, ऑन-बेस (बेसवर पोचायचं प्रमाण) .३७०, ताकद नाई, दुसरीकडं कुठं खेळत नाई. चौथा डावखुरा फर्स्ट बेस, तोही २०२२ चा कॉलेजवाला, ट्रिपल-ए, २८ होमरन. पाचवा कॉलेजवाला शॉर्टस्टॉप, २०२३ चा, डबल-ए, माझ्याकडचा सगळ्यात भारी पोरगा, त्याले तर ठेवणारच, म्हणजे जागा एकच उरली.

मागच्या साली म्या अस्साच एक हलका शॉर्टस्टॉप सोडला होता, म्हटलं हाय-ए च्या पोराले कोण नेईन. शेवटच्या नंबरच्या टीमनं नेला आणि वर्षभर बेंचवर ठेवला. अजून जीवाले लागते. रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याले ओलित करून राहिलो आणि बांधावर बसून हेच डोक्यात चालू हाय, सांगा कोणी काही.

दर्यापूरचा_कॅचर:
भाऊ थांब, पहिले एक गोष्ट. तुझा पाचवा पोरगा यंदा ड्राफ्टले लागतच नाई!!

नियम असा हाय का सही करताना वय १८ किंवा कमी असन तर पाच सीझन, १९ किंवा जास्त असन तर चार सीझन. सही केली ते वर्ष धरून मोज. २०२३ चा कॉलेजवाला म्हणजे २३, २४, २५, २६, तो २०२६ च्या डिसेंबरात लागन. यंदा त्याले हात लावायचा कोणाले हक्कच नाई. काऊन त्याची जागा खर्च करून राहिला? बाकी चौघं बरोबर हाय, २०२१ चे दोघं पाच सीझनवाले आणि २०२२ चे दोघं चारवाले. फक्त त्या थर्ड बेसवाल्याचं सहीच्या वेळचं वय पाहून घे, हायस्कूलचं पोरगं १९ चं असलं तर चारच सीझन धरतात.

आणि एकदा चाळीसात टाकलं का घड्याळ सुरू होते हेही ध्यानात ठेव. तीन ऑप्शन वर्षं मिळतात, म्हणजे २६, २७, २८ मधी खाली पाठवू शकतो, २०२९ ले तो वर टिकलाच पाह्यजे नाही तर वेव्हरवर टाकावा लागते. चांगल्या पोराले एक वर्ष आधी टाकणं म्हणजे त्याचं एक वर्ष फुकट जाळणं.

पुसदचे_पीटी_सर:
वरच्या भाऊंनी जागा मोकळी केली ते उत्तम. आता उरलेल्या चौघांबद्दल मला वाटतं प्रश्नच थोडा वेगळा विचारायला पाहिजे. माझ्याकडचा सगळ्यात चांगला कोण हे तर आपण रोज पाहतोच, पण इथं पाहायचं ते हे की दुसऱ्या टीमला याला वर्षभर सांभाळता येईल का. कारण नेणाऱ्याला एक लाख डॉलर भरावे लागतात आणि त्या पोराला पुढचा अख्खा सीझन सव्वीस जणांच्या मुख्य टीममध्येच ठेवावं लागतं, खाली पाठवता येत नाही. नाही जमलं तर आधी वेव्हर, कोणी घेतला नाही तर जुन्या टीमला पन्नास हजारात परत देऊ करायचा. दुखापतीच्या यादीत लपवून ठेवू म्हटलं तर तेही पुरत नाही, निदान नव्वद दिवस तो खेळता यादीत असावा लागतो.

आता सव्वीसचा हिशोब करा. पिचर जास्तीत जास्त तेरा, ते सगळेच तेरा ठेवतात, राहिले तेरा बॅटर. नऊ जण मैदानात, डीएच (पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) धरून. बेंचवर चार, त्यातला एक दुसरा कॅचर. उरले तीन. त्या तिनात एक पोरगा असा बसवायचा जो अजून तयार नाही. तो बसून काय देईल? जो शॉर्ट, सेकंड, थर्ड तिन्हीकडे उभा राहतो आणि नवव्या इनिंगला दुसऱ्याच्या जागी पळू शकतो, तो बॅट न चालवताही उपयोगी पडतो. जो फक्त मोठे फटके मारतो आणि दहात तीनदा आऊट होतो त्याला बेंचवर ठेवून काहीच मिळत नाही, त्याला रोज खेळवावं लागतं.

डिसेंबर २०२३ च्या ड्राफ्टमध्ये हे दोन्ही प्रकार एकाच दिवशी घडले. वॉशिंग्टन नॅशनल्सनी मायामीकडून नासिम नुन्येझ हा शॉर्टस्टॉप उचलला, ग्लोव्ह आणि पाय जोरात, बॅट हलकी, म्हणजे तुमच्या डोमिनिकनवाल्यासारखाच. २०२४ चा पूर्ण सीझन तो वर राहिला, बॅटिंग फार थोडी मिळाली, पण टिकला आणि त्यांचाच झाला. त्याच दिवशी क्लीव्हलँडनी ॲरिझोनाकडून डेव्हिसन दे लोस सांतोस घेतला, थर्ड-फर्स्ट बेसवाला, ताकदीचा. सीझन सुरू व्हायच्या आधीच परत केला. परत आल्यावर त्यानं २०२४ मध्ये मायनरमध्ये मिळून ४० होमरन मारले, आणि जुलैत ॲरिझोनानं त्याला देऊन मायामीकडून ए. जे. पक हा पिचर आणला. म्हणजे सोडलेला पोरगा परतही आला आणि कामीही आला.

माझ्या हातून एक चूक झाली होती ती सांगतो. तालुका स्पर्धेसाठी सतरा वर्षांखालच्या मुलींची सॉफ्टबॉल टीम निवडत होतो. एक मुलगी लहानखुरी, बॅट हलकी, पण आमच्या काळ्या मातीच्या ग्राउंडवर, जिथं भेगांमुळं बॉल कसाही उसळतो, तिथं तिच्या हातून ग्राउंडर सुटत नसे. शॉर्टही खेळायची, थर्डही. मी तिला काढून एक मोठी हिटर घेतली. दुसऱ्याच मॅचला शॉर्टस्टॉपचा घोटा मुरगळला आणि बेंचवर तिथं उभं राहील अशी एकही नव्हती, आऊटफिल्डची मुलगी आणून उभी केली. त्या इनिंगला पाच रन गेले, चार तिच्या जागेवरून. मैदानाबाहेर ती लहानखुरी पोर पाण्याच्या बाटल्या भरत होती, तिच्याकडे मला पाहवत नव्हतं. तेव्हापासून निवडीला बसलो की पहिले बेंच मोजतो.

म्हणून माझं मत, शॉर्टस्टॉप पक्का ठेवा. थर्ड बेसवाल्याला सोडायची हिंमत करा. दुसऱ्या जागेसाठी सेकंड बेसवाला, कारण तो ट्रिपल-ए मध्ये आहे आणि बेसवर पोचतो.

सेकंडबेस_ताई_वरूड:
सरांचा हिशोब पटला, पण सर तुम्ही फर्स्ट बेसवाल्याले एका ओळीचंही उत्तर दिलं नाही म्हणून लिहून राहिली. सगळे म्हणतात फर्स्ट बेसवाला रूल फाईव्हमध्ये कोणी नेत नाही. बहुतेक वेळा खरं आहे. पण डिसेंबर २०२२ मध्ये ओकलंडनं डॉजर्सचा रायन नोडा नेला, डावखुरा फर्स्ट बेस, ट्रिपल-ए वाला. डॉजर्सकडं फर्स्ट बेसला फ्रेडी फ्रीमन होता, त्याले जागाच नव्हती. ओकलंडनं २०२३ मध्ये ११२ मॅच हारल्या, अशा टीमले बेंचची काय फिकीर, त्यायनं त्याले रोज खेळवलं. वॉक (चार खराब बॉल सोडून मिळालेला फुकट बेस) घ्यायचा खूप, आणि १६ होमरन मारले. म्हणजे बेंचवर बसवायचा हिशोब बरोबर आहे पण तो मधल्या टीमचा हिशोब झाला. तळाच्या टीमकडं बेंच काय, मैदानातलीच जागा रिकामी असते.

सेकंड बेसवाल्यायचंही तसंच. डॅन उगला २५ वर्षांचा होता, डबल-ए पर्यंतच गेला होता, ॲरिझोनानं २००५ मध्ये सोडला, फ्लोरिडा मार्लिन्सनं नेला. पुढच्याच वर्षी २७ होमरन आणि ऑल-स्टार! पण त्याच्याकडं ताकद होती, तुमच्या पोराकडं नाही. ताकद नाही आणि एकच जागा खेळते असा सेकंड बेसवाला मला तरी बेंचच्या उपयोगाचा वाटत नाही. मी स्वतः अकरा वर्षं सेकंड खेळली, बोलायचा हक्क आहे मला 🙂 शॉर्टवाली सेकंडले येऊन उभी राहते, सेकंडवालीले शॉर्टले पाठवलं की तिथून फर्स्टपर्यंत थ्रो पोचत नाही.

दादा, दोन गोष्टी सांगा. फर्स्ट बेसवाला वॉक किती घेतो? आणि तुमच्या लीगमधल्या तळाच्या तीन टीमायकडं फर्स्ट बेसले आणि थर्ड बेसले कोण आहे? ड्राफ्टचा नंबर उलटा लागते, पहिले तेच तिघं उचलणार.

वऱ्हाडी_शॉर्टस्टॉप:
ताई, आत्ता पाहून आलो. फर्स्ट बेसवाल्यानं या सीझनले ८१ वॉक घेतले, म्या कधी त्या रकान्याकडं पाह्यलंच नाई, होमरनच पाहत बसलो. आणि शेवटच्या नंबरची टीम, तेच भाऊ ज्यायनं माझा शॉर्टस्टॉप नेला होता, त्यायच्याकडं फर्स्ट बेसले ३४ वर्षांचा गडी हाय, त्याचा करार यंदा संपते. थर्ड बेसले मात्र तळाच्या तिघायकडंही तरणे पोरं हाय, तिथं कोणाले गरज नाई.

सर, तुमची ती पाण्याच्या बाटल्यांची गोष्ट वाचून थोडा वेळ मोबाइल खाली ठेवला होता. शॉर्टस्टॉप पक्का, त्यात आता काही विचार नाई.

मग आता शॉर्टस्टॉप आणि फर्स्ट बेस असं ठरवू का? थर्ड बेसवाला सुटला तर पोट दुखन हो, २४ होमरन हाय ते. आणि सेकंड बेसवाल्याचं काय करू, तोही कोणी नेला तर फुकटच जाईन.

दर्यापूरचा_कॅचर:
सेकंड बेसवाल्याले सोडू नको, विकून टाक. खऱ्या टीमा नोव्हेंबरात हेच करतात. यादी द्यायच्या आधी ज्याच्याकडं चाळीसात जागा हाय त्याले फोन लाव, तो पोरगा दे आणि त्याच्याकडून खालच्या लेव्हलचा एखादा १८-१९ वर्षांचा घे, ज्याले अजून तीन-चार वर्षं प्रोटेक्टच करायची गरज नाई. तुझी जागा वाचली आणि हाती काही तरी आलं. फक्त फोन आजच लाव, शेवटच्या दिवशी सगळेच विकायले निघतात तवा भाव मिळत नाई, संत्र्याचं पाहत नाई का आपण.

थर्ड बेसवाल्याचं भ्या मनातून काढ. दहापैकी तीनदा आऊट, थ्रो वाकडा, कोणी नेलाच तर मार्चपर्यंत परत येईन असं मले वाटते. आणि तुझ्या चाळीसात कोणी तीस-बत्तीस वर्षांचा सातव्या-आठव्या नंबरचा रिलीव्हर (मॅचच्या मधात येणारा पिचर) हाय का? असन तर त्याले मोकळं कर आणि थर्ड बेसवाल्यालेही घे, एवढं पोट दुखते तर.

पुसदचे_पीटी_सर:
ताई, फर्स्ट बेसवाल्याबद्दल तुमचं बरोबर आहे, मी नुसते होमरन वाचून त्याला बाजूला टाकलं होतं. ८१ वॉक आणि समोर रिकामी जागा म्हटल्यावर तो जाणारच. सेकंड बेसबद्दलचं माझं मत मागे घेतो.

रिलीव्हर सोडायच्या आधी मात्र एक पाहा. चाळीस पूर्ण भरलेले असतील तर ड्राफ्टच्या दिवशी तुम्हाला स्वतःला कोणाला उचलता येत नाही, जागा रिकामी असेल त्यालाच घेता येतं. तुमचा मागचा शॉर्टस्टॉप तर आता त्यांचा झाला, पण यंदा दुसऱ्या कोणाचा तसा पोरगा सुटला असेल तर?

वऱ्हाडी_शॉर्टस्टॉप:
रिलीव्हर हाय एक, ३३ चा, ईआरए (नऊ इनिंगमागं दिलेले रन) पाचच्या वर. त्याले मोकळं करतो पण ती जागा रिकामीच ठेवतो, सर म्हणतात तसं. थर्ड बेसवाला राहिला बाहेर, पाहू. सेकंड बेससाठी आमच्या यवतमाळवाल्याले आत्ताच फोन लावला, तो म्हणते उद्या वेचणीवरून आल्यावर सांगतो, त्याच्याकडं रूकी लेव्हलचा १८ वर्षांचा एक कॅचर हाय, त्याच्यावर नजर हाय माझी. शॉर्टस्टॉप आणि फर्स्ट बेस दोघायची नावं आत्ता टाकली यादीत. लाइट गेली इकडं, मोटर बंद पडली, सकाळी लिहितो.